शेजारच्या मेमरीची चौकशी

कोणतीही संस्था वेगवान करायला घेतली की ती आधी थांबते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. दाखले देणाऱ्या एका कार्यालयाने ते २०११ साली स्वखर्चाने सिद्ध केले.

त्या वर्षी साहेबांनी ‘वेगवृद्धी मोहीम’ काढली. कुठूनशी सत्तावीस कलमांची यादी मिळवली, खाली सही ठोकली आणि ती सर्व्हरला जशीच्या तशी लावायला लावली. मोहिमेला पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच सोमवारपासून एका दाखल्याला चाळीस मिनिटे लागू लागली. खिडकीबाहेर रांग, रांगेत शिव्या. (शिव्यांसाठी स्वतंत्र नोंदवही होती.)

चौकशी समिती बसली. बासष्ट टक्के कर्मचाऱ्यांच्या मते दोष थंडीचा होता, पस्तीस टक्क्यांच्या मते सर्व्हर सांभाळणाऱ्या संगणकबाईंचा. उरलेले तीन टक्के रजेवर होते. समितीने उदार मनाने जास्तीची मेमरी आणून बसवली. यंत्र ढिम्म. तेव्हा ठरले, शुक्रवारपर्यंत दोष सापडला नाही तर बाईंची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींत. बाईंना दमा होता. तिथल्या धुळीत त्यांची धडगत नव्हती.

“मेमरी भरली असणार, बाई,” हेडक्लार्क म्हणाले.

“कसली भरतेय, भाऊ! अर्ध्याहून जास्त रिकामी आहे, तरी सामान उचलून डिस्कवर फेकतंय.”

“म्हणजे आमच्या थोरल्या वहिनींची तऱ्हा. बैठकीची खोली मोकळी, आणि पाहुणे जिन्यात!”

बाईंनी दोन दिवस आकडे टिपले. यंत्रात प्रोसेसर दोन, आणि प्रत्येकाच्या बाजूला त्याची त्याची मेमरी. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, यादीतल्या एकोणिसाव्या कलमाने एका शून्याचा एक केला होता. अर्थ असा, की आपली बाजू भरली तर तीच झाडत बस, पण शेजाऱ्याकडे हात पसरू नकोस. (स्वाभिमान हा चांगलाच गुण आहे.) दाखल्यांचा सारा भार पहिल्या बाजूवर, दुसरीकडे शुकशुकाट. नवी मेमरी बसवली होती तीही दुसरीकडेच.

गुरुवारी बाईंनी एकाचा शून्य केला. दाखला चार सेकंदांत निघाला.

“काय केलंत काय?” साहेबांनी विचारले.

“एक आकडा होता तसा केला, साहेब.”

“बदलला कुणी होता?”

बाईंनी यादी पुढे केली. साहेबांनी सही ओळखली, चष्मा पुसला आणि यादी घडी घालून खिशात टाकली.

समितीचा तर्क मात्र निर्दोष होता. बाईंचा हात लागताच दोष गेला. अर्थात त्यांना तो ठाऊक होता. ठाऊक होता, तर इतके दिवस लपवला.

साहेब वेगवृद्धीचे विभागप्रमुख झाले. हेडक्लार्क निवृत्त होऊन समित्यांना सल्ला देतात. सत्तावीस कलमे आता बारा कार्यालयांत लागू आहेत. बाई दोन वर्षे तळघरात खोकल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

समितीत एक जागा अजून रिकामी आहे. ‘पण बाईंनी हे पहिल्याच दिवशी का पाहिलं नाही?’ असे वाचताना ज्यांच्या मनात आले, त्यांनी अर्ज करावा. अनुभवाची अट नाही.