स्नेहलच्या मनाचा फॉर्म

स्नेहलच्या मनाची सगळी माहिती गोरखमामाने परस्पर भरून टाकली, आणि वर तिलाच सांगितलं, "तुजं काम झालं गं. जेवून घे."

स्नेहलच्या हातातलं दप्तर धपकन खाली पडलं. जूनमध्ये ती डोंगरातल्या आहुप्याहून दहावीसाठी वारूळवाडीला मामाकडे आली होती. शाळा नवी, मुली नव्या, दोन महिने वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. अशा मुलांसाठी वर्गाच्या आरती मॅडमनी मोबाइलवरचा एक कोर्स दिला होता. सहा धडे, घरबसल्या आपले आपण करायचे, मन हलकं होतं म्हणे. प्रत्येक धड्याआधी प्रश्न. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त, आणि ते लाल रंगात आले की शाळा वडिलांना बोलावणार. आणि वडील, म्हणजे जानकू, तिला सोडून जातानाच बजावून गेले होते, "करमलं न्हाई तर गपगुमान माघारी यायचं. मग शाळा बास!"

म्हणून स्नेहलने ठरवलं होतं, डोळे मिटून सगळीकडे 'छान' दाबायचं.

पण तिच्याकडे कुठला मोबाइल? लिंक आली मामाच्या मोबाइलवर. आणि रेशनचा असो, गॅसचा असो, मोबाइलवर आलेला कुठलाही फॉर्म कुटुंबप्रमुखानेच भरायचा, हा या घरचा कायदा. टोमॅटो मार्केटात पिकअपचा नंबर लागेपर्यंत मामाने तो बसल्या बसल्या उरकला होता.

"मामा, काय काय भरलं त्यात?"

"खरं त्येच. झोप लागते का? न्हाई. चिडचिड व्हते का? लई! सारखं रडू येतं का? ह्ये फोन करून तुज्या मामीला इचारलं. ती म्हनली, व्हय."

"पण मन माझं व्हतं ना!"

"आनि मोबाइल कुनाचा? त्ये सोड, मार्क बघ. सत्तावीसपैकी चोवीस! तांबड्या अक्षरात आल्यात."

स्नेहल मटकन खाली बसली. मामाला वाटलं, आनंदाने.

पुढचा धडा तरी आपण गाठू म्हणून ती दुसऱ्या दिवशी शाळेतून धावत आली. तोवर कुशामामी मेथी निवडत मोबाइलशी बोलत बसली होती. 'आयुष्यात काय बदललं ते मोकळेपणाने सांगा' असं मोबाइलने विचारलं होतं, आणि मामीला इतक्या प्रेमाने गेल्या कित्येक वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. तिचा मुलगा समर्थ मे महिन्यात बायकोला घेऊन चाकणला राहायला गेला होता. मामी अख्खी जुडी संपेपर्यंत बोलली. मोबाइलने शब्दन् शब्द लिहून घेतला आणि स्नेहलच्या नावाने पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी जानकू तांदळाचं गाठोडं घेऊन एसटीने थेट शाळेत हजर! मामालाही बोलावणं गेलं होतं.

"स्नेहल," आरती मॅडम कागद वाचत जपून म्हणाल्या, "तू लिहिलंयस, 'सून गेल्यापासून चुलीपाशी बसवंत न्हाई. पोरगं फोन करतं, पन घाईत.' बाळा... तुला सून?"

मामाने छताकडे पाहिलं.

"पोरगी भरमिष्ट झाली!" जानकू ताडकन उठला. "गोरख, तुमच्याकं चांगली धाडली व्हती म्या! चल गं, उचल बोचकं!"

"नाही उचलणार!" स्नेहल अशी कडाडली, की बाहेरची मुलं खिडकीला लटकली. "मला झोप लागते! मी घोरते! झोप लागत नाही ती मामाला, रडू येतं ते मामीला! माझं दुखणं एकच व्हतं, मला कुणी काही विचारत नाही. तर मोबाइलने विचारलं, तेसुद्धा हे दोघं सांगून बसले! आता यांच्या सुनेपायी मी शाळा सोडू?"

खिडकीतून टाळ्या पडल्या. प्राची नावाची मुलगी ओरडली, "मॅडम, ही बोलते!"

मामाचे कान लाल झाले. "चुकलं राव," तो पुटपुटला. "पन परश्न लई बराबर व्हते."

मॅडमनी मामासाठी मोठ्यांच्या कोर्सची नवीन नोंदणी उघडली. मोबाइल पुढे करताच जानकूने तो मधल्यामध्ये घेतला. "बघू, असं काय इचारतंय." आणि पहिला प्रश्न त्याने अक्षर अक्षर लावत वाचला, "घर... रिकामं... वाटतं का?"

त्याचा अंगठा बराच वेळ हवेत राहिला. मग त्याने 'रोज'वर दाबला.

 मॅडमनी हळूच विचारलं, "मग स्नेहलला घेऊन जाताय?"

"आता कसं न्यायचं, म्याडम?" जानकू म्हणाला. "ह्ये तर सुरू झालं. कोर्स मधीच सोडला की दुखणं उलटतं. आनि आहुप्याला रेंज न्हाई. दर आयतवारी हितं यावं लागंल मला." मग स्नेहलकडे न बघता म्हणाला, "तू कुटं जायाचं न्हाई. म्होरचं बटन कोन दावील?"

स्नेहलचा राग अजून उतरला नव्हता. तिने मोबाइल ओढून घेतला, डोळे पुसले आणि बाकावर बापाला खेटून बसली.

"दावते. पण उत्तर तुमीच सांगायचं, बाबा. मामा, तुमी गप!"