पातुरकरकाकांची अंबाडी

रोज सकाळी आंघोळ झाली की पातुरकरकाका देवाला हात जोडायचे आणि तडक घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन कुंडीतल्या झाडांना व्हर्निअर कॅलिपर लावायचे. बेअरिंगच्या कारखान्यात वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. माणूस रिटायर झाला, कॅलिपर काही झाला नाही. माझा डेक त्यांच्या डेकला लागून, त्यामुळे हा सोहळा मला फुकटात दिसायचा. आज पाऊस येईल का, असं विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "आपण कोण बोलणारे? रीडिंग बोलेल."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवेत तेव्हा शिळी मेथी मिळाली तरी आम्ही एकमेकींना फोन करायचो. त्यात काकूंचं मोठं ऑपरेशन झालेलं. घरी आल्या त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल. एकदाच म्हणाल्या, अंबाडीची भाजी असती तर दोन घास गेले असते.

आता न्यू जर्सीत कुठली आली अंबाडी? पण वरच्या मजल्यावरचा स्टुडंट घर सोडून गेला आणि दोन कुंड्या जिन्यात टाकून गेला. पंजासारखी कातरलेली पानं. काका मूळचे अकोल्याकडचे. त्यांनी पाहिलं आणि जाहीर केलं, अंबाडीच!

मी म्हटलं, मग करा की भाजी, वाट कसली बघताय? तर म्हणे, फूल पाहिल्याशिवाय माल पास होत नाही. फूल पिवळं हवं, पोटात तांबडं.

सप्टेंबर लागला आणि माल बिघडला. एका झाडाला बारीक कळ्यांचे घोस लटकले, हलवलं की पिवळी पूड. दुसऱ्याच्या शेंड्यावर पांढऱ्या केसांचे झुबके, हात लावला तर चिकट. एकच माती, एकच पाणी, आणि तऱ्हा दोन! काकांनी कुंड्यांच्या जागा बदलल्या, वहीत तक्ते आखले आणि शेवटी ठपका ठेवला माझ्या फोडणीवर. धूर म्हणे दोन नंबरच्या झाडावर जातो. पंधरा दिवस मी खिडकी लावून खोकत फोडण्या दिल्या. बाई गं, काय काय सोसलंय मी त्या झाडांपायी!

गणपतीच्या आरतीला वीस माणसं आली. काकांनी सगळ्यांना डेकवर नेऊन दोन्ही झाडांची फुलं दाखवली. त्यात चार डॉक्टर. एकाचं मत, अमेरिकेच्या मातीचा दोष. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या वीकेंडला त्यांची लेक शीला कॉलेजातून आली. डेकवर गेली आणि पांढरीफटक होऊन आत आली.

"बाबा, दॅट्स मारिवाना! एक मेल आहे, एक फीमेल. पोलीस आले तर?"

गांजा! आणि आम्ही आरतीनंतर त्याचं प्रदर्शन मांडलेलं. मी हसून हसून खाली बसले. काका हसले नाहीत. त्यांनी झाडं उपटली, तुकडे करून काळ्या पिशवीत भरली. शीला पिशवी टाकायला गेली तशी मी चिडवलं, "काय काका, वीस वर्षांचे इन्स्पेक्टर, आणि अंबाडी ओळखता आली नाही?"

"ओळखली होती," काका हळूच म्हणाले. "पहिल्याच दिवशी पान चावून पाहिलं. आंबट नव्हतं. अंबाडी नाही, एवढं कळलं होतं. हे असलं काही असेल, हे मात्र नाही कळलं."

"मग तीन महिने हे काय चाललं होतं?"

काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "त्या दिवशी तिला सहज सांगितलं, झाड अर्धा इंच वाढलं. तर दुसऱ्या दिवशी उठून बसली आणि विचारलं, आज किती? मी म्हटलं, आधी खा, मग सांगतो. तेव्हापासून रोज अर्धी भाकरी जाते."

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. इतके दिवस ह्या माणसाची टिंगल केली, माझीच मला लाज वाटली.

काका हात झटकत उभे राहिले. "तू हुशार आहेस," म्हणाले, "उद्या सकाळी तिला काय सांगू, ते सांग."