घोंगडीतलं गिऱ्हाईक

बाळांनो, नीट बसा आणि आपापल्या शेपट्या आवरा. एका जंगलात शिकार कमी आणि कॉलेजं फार झाली होती. त्यातल्या एका कॉलेजात धंदा शिकवत. स्वतः धंदा केलेलं तिथे कुणी नव्हतं, पण शिकवायला त्याची काही अडचण येत नसे.

तिथे सुगंधा नावाची साळुंकी शिकत होती. मोठ्या जनावरांच्या अंगावरचे गोचीड काढून द्यायचे, हा तिचा नियोजित उद्योग. तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झालीस तर घरी बसून आत्याची अंडी उबवायची, असं आईने तिला स्वच्छ सांगितलं होतं. खरं सांगतो, याच्याइतकं कंटाळवाणं काम जंगलात दुसरं नाही.

परीक्षेत गिऱ्हाईक म्हणून वाघ असे. खऱ्या वाघाला कोण बोलावणार? म्हणून कासवसर घोंगडीवर कोळशाने पट्टे ओढत, ती पांघरून शिळेवर बसत आणि दर वर्षी तेच तीन प्रश्न विचारत. यात माझा फायदा काय? काम तुलाच का द्यायचं? आणि मी तुला खाल्लं तर? उत्तरंही ठरलेली होती. सुगंधाला ती तोंडपाठ होती. पण घोंगडीखालून सरांचे आखूड पाय दिसले की तिला हसू फुटायचं, आणि हसणाऱ्याला नापास करायचा नियम होता.

या वेळी तिने डोळे मिटूनच जायचं ठरवलं.

परीक्षेच्या सकाळी कासवसर वेळेवर निघाले, पण वाटेत घोंगडी बाभळीला अडकली. मैदानात गर्दी कसली, हे बघायला खराच वाघ आला. शिळा रिकामी दिसली, म्हणून बसला. प्राचार्य माकड झाडाच्या शेंड्यावर पोचले. मुलांनी धूम ठोकली. सुगंधाला सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

ती डोळे मिटून आली आणि घडाघडा बोलत सुटली. वाघ चक्रावला. त्याच्या फायद्याविषयी आजवर त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

"आणि मी तुला खाल्लं तर?" त्याने विचारलं. त्याने ते मनापासून विचारलं होतं.

"खुशाल खा. पण मग कानामागचा गोचीड उद्या कोण काढणार?" असं म्हणून सुगंधाने चाचपडत एक गोचीड उपटलासुद्धा. "आणि सर, आज आवाज झकास लागलाय तुमचा."

वाघाने सुखाने डोळे मिटले. त्या जागी त्याचा पंजा जन्मात पोचला नव्हता. दर मंगळवारी येत जा, असं सांगून तो उठला. सुगंधाने डोळे उघडले. समोर वाघ चालला होता आणि पलीकडून कासवसर घोंगडी ओढत येत होते. ती जागीच बेशुद्ध पडली.

परीक्षक गैरहजर, सबब विद्यार्थिनी नापास, असा निकाल लागला. माहितीपत्रकावर मात्र वाघाच्या डोक्यावर बसलेल्या सुगंधाचं चित्र छापलं गेलं आणि पुढच्या वर्षी प्रवेशाला झुंबड उडाली.

पण त्याआधी परीक्षेनंतरचा पहिला मंगळवार उजाडला. आत्याने चार अंडी घातली होती. वाघ शिळेवर वाट बघत होता. झुडपामागे लपलेल्या सुगंधाला एकही उत्तर आठवेना. मग ती कासवसरांकडे गेली आणि घोंगडी मागितली. सरांनी ती शिळेपर्यंत आणून टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा पळत सुटले.

"महाराज," सुगंधा फांदीवरूनच म्हणाली, "काम चालू असताना हे पांघरायचं असतं."

वाघाने निमूटपणे घोंगडी पांघरली. आता तो अगदी कासवसरांसारखा दिसत होता. सुगंधा पोट धरून हसली आणि कामाला लागली. अजूनही दर मंगळवारी जाते.

तात्पर्य: विद्यार्थ्यांना खऱ्या जगासाठी तयार करण्यात वेळ घालवू नये. खऱ्या जगालाच कॉलेजसारखं करून घ्यावं. त्याला एक घोंगडी पुरते.