कुंकू लावलेले सुळे

एका जंगलात, बाळांनो, एक पाणवठा होता. आणि पाणवठा म्हटल्यावर त्याची कचेरी होतीच. कोणी कोणत्या वेळी पाणी प्यायचं, ते ही कचेरी ठरवायची.

त्या कचेरीत शेवंता नावाची तरुण सायाळ नोकरीला लागली. ती दूर डोंगरापलीकडच्या शाळेत शिकून आली होती. तिथे तिला शिकवलं होतं, की कचेरीत दात, नख्या, शिंगं यांचं काही चालत नाही. तिथे चालतो तो फक्त मुद्दा. शेवंताला हे इतकं पटलं होतं, की परतीच्या वाटेवर ती मुद्देच घोकत आली.

कचेरीत पाऊल टाकलं, तर समोर वराहराव बसलेले. हे रानडुक्कर म्हणजे कचेरीचे मुख्य साहेब. ते दगडावर सुळे घासत होते. शेजारी त्यांचे सहायक बिबटेराव नख्यांनी मेजावर रेघा ओढत होते. आणि कोपऱ्यात हरणांच्या वतीने बसायच्या त्या भेकरबाई, अगदी भिंतीला चिकटून. त्यांचा एक कान अर्धाच होता.

"बाई, कान कुठे गेला?" शेवंताने विचारलं.

"कामात गेला," भेकरबाई म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात मी म्हटलं, संध्याकाळची पाळी हरणांची आहे. बिबटेरावांचं मत जरा वेगळं पडलं."

"मग?"

"मग काय. दुसरा कान आहे अजून. म्हणून गप्प बसते."

यंदाच्या पाळ्या ठरवायची बैठक जवळ आली होती. वराहरावांना संध्याकाळ डुकरांसाठी हवी होती. तसं झालं, तर हरणांच्या वाट्याला टळटळीत दुपार. आणि दुपारी पाणवठ्यावरच्या जांभळीवर बिबटेराव विश्रांती घेत. त्यांची विश्रांती कधी मोडेल याचा नेम नसे. भेकरबाईंचं पाडस नुकतंच स्वतःच्या पायांनी पाण्यावर जाऊ लागलं होतं.

"तुम्ही बैठकीत बोला," शेवंता म्हणाली. "शस्त्रं दाराबाहेर ठेववायचं काम माझ्याकडे."

"पोरी, तुला इथलं ठाऊक नाही."

"पण तुमचा मुद्दा बरोबर आहे ना?"

"बरोबर होता, म्हणून तर कान गेला."

शेवंताने त्याच दिवशी ठराव मांडला. कचेरीत कोणीही शस्त्र आणू नये. ज्याने त्याने ते दाराबाहेर, पाय पुसायच्या गवतापाशी ठेवून आत यावं.

ठराव एकमताने मंजूर झाला. बिबटेरावांनी नख्या आत ओढून टाळ्या वाजवल्या. "माझा तर पहिल्यापासून हिंसेला विरोध आहे," ते म्हणाले.

मग वराहराव खाकरले. "एक बारीकशी अडचण आहे, शेवंताबाई. माझ्या सुळ्यांची दर खंडेनवमीला पूजा होते. हळद, कुंकू, झेंडूचा हार, सगळं यथासांग. आता पूजा झालेली वस्तू म्हणजे दैवत. दैवताला पाय पुसायच्या गवतापाशी ठेवायचं का?"

सगळी कचेरी शहारली. दारावर बसणारे वानरतात्या तर कानांना हात लावून म्हणाले, "पाप लागेल, साहेब."

"माझ्या नख्यांचंही तेच," बिबटेराव हळूच म्हणाले. "मी त्यांना नुसता सांभाळतो."

मग हुकमात एक ओळ वाढली. पूजा न झालेलं शस्त्र आत आणू नये. हुकूम दारावर लागला आणि सगळ्यांनी शेवंताचं अभिनंदन केलं.

बैठकीच्या दिवशी वानरतात्यांनी दारात एकट्या शेवंतालाच अडवलं.

"शेवंते, हे पाठीवरचे काटे. पूजा झालीय का यांची?"

"नवमीला मी शाळेत होते, तात्या."

"मग ही शस्त्रंच झाली. काढून ठेव बाई. नियम तुझाच आहे."

शेवंता थबकली. पण आपला नियम पहिल्याच दिवशी आपणच मोडला, तर तो पुढे पाळणार कोण? तिने दातांनी एकेक काटा उपटायला सुरुवात केली. डोळ्यांत पाणी आलं. पाठीच्या मधल्या काट्यांपर्यंत तिचे दात पोचेनात, ते तात्यांनी उपटून दिले. कर्तव्य म्हणून.

ती उघड्या पाठीने आत गेली. तिला तसं पाहून भेकरबाईंना धीर आला. या पोरीने एवढं केलं, तर आपण तोंड तरी उघडावं, असं त्यांना वाटलं. त्या उभ्या राहिल्या.

"संध्याकाळची पाळी हरणांची आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी आमची पोरं पाण्यावर गेली, तर ती परत..."

बिबटेरावांच्या नख्या बाहेर आल्या. शेवंता मध्ये पडली. पंजा तिच्या उघड्या पाठीवरून खांद्यापासून शेपटीपर्यंत गेला.

मग वराहरावांनी निर्वाळा दिला, "कचेरीत शस्त्र नाही, तेव्हा शस्त्राने जखम झाली असं म्हणता येणार नाही. शेवंताबाईंना दैवताचा स्पर्श झाला आहे."

"भाग्य लागतं," वानरतात्या म्हणाले.

संध्याकाळची पाळी डुकरांना गेली. तेवढा शिक्का मारायचा राहिला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी मारायचं ठरलं. दुसरा कान चाचपून भेकरबाई पाडसाकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता सगळ्यांच्या आधी आली. पाठ ठणकत होती. तिचे काटे पाय पुसायच्या गवतात पडले होते, चिखलाने माखलेले. तिने ते गोळा केले आणि पाण्यावर नेऊन धुतले. शाळेत शिकलेले मुद्दे एकदा मनात म्हणून पाहिले. सगळे बरोबर होते.

मग तिने काट्यांना हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल वाहिलं. त्यांच्या दोन जुड्या बांधल्या. एक स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि दुसरी तेवढ्यात आलेल्या भेकरबाईंपुढे धरली.

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, शस्त्रं बाहेर?" भेकरबाई म्हणाल्या.

"शस्त्रं बाहेरच राहतील. हे दैवत आहे."

दारात वानरतात्या आडवे आले. "नवमीची पूजा आहे का ही?"

"हुकमात तिथी लिहिलेली नाही, तात्या."

तात्यांनी हुकूम वाचला. मग भेकरबाईंच्या गळ्यातल्या जुडीकडे पाहिलं. त्या काट्यांची टोकं त्यांच्या नाकासमोरच होती. तात्यांनी भक्तिभावाने हात जोडले आणि बाजूला झाले.

तात्पर्य : बाळांनो, कामाच्या जागी शस्त्र कधीही नेऊ नये. आधी त्याला हार घालावा.