हसण्याची रेघ

ऑपरेशनला मी घाबरत नाही! त्या दिवशी बायकोला बजावलंच, "तू बाहेर बस. वरचे दात आधीच काढलेत. आता फक्त जबड्याचं हाड घासून सपाट करायचं आणि त्यात स्क्रू बसवायचे. मी हूं की चूं करणार नाही!"

ऐटीत खुर्चीवर आडवा झालो. डॉक्टरीणबाई पेन्सिल घेऊन आल्या.

"काका, आधी मनापासून हसा बघू. ओठ किती वर जातो ते बघून रेघ मारते. हाड त्याच्याही वरपर्यंत काढायचंय. नाहीतर हसताना नकली हिरडीचा जोड जन्मभर दिसेल."

आली का पंचाईत! दात किडल्यापासून मी तोंड मिटूनच हसत आलोय. ऑफिसात मला 'कुलूप' म्हणतात.

"हसलो," मी म्हणालो.

"कधी?"

बायकोला आत बोलावलं.

"अहो, हसा ना! लग्नाच्या फोटोतही हेच तोंड! माझ्या आईला वाटलं, तुम्हाला मुलगी पसंत नाही!"

शेवटी बायकोने तिच्या दादाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, बोलावून घेतलं. साठी उलटली तरी 'माझे बत्तीसच्या बत्तीस अस्सल' म्हणून मिरवणारा माणूस! त्याने एकेक विनोद सोडायला सुरुवात केली. नर्स हसली, डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. मी आपला ढिम्म. मेहुणा मात्र स्वतःच्याच विनोदावर मांडी थोपटत असा काही हसला, की त्याच्या वरच्या दातांची अख्खी कवळी हत्यारांच्या ट्रेमध्ये खण्णकन पडली!

नर्सने ती चिमट्याने उचलून धरली.

"ते... ते माझे नाहीत!" बोळक्या तोंडाने एवढं बोलून तो पळालाच.

आणि मी फुटलो! पोट धरधरून हसलो!

"काका, अस्सेच थांबा!" म्हणत बाईंनी रेघ मारली. मग सगळी हत्यारं बदलून ऑपरेशन झालं.

"आता काही दिवस अजिबात हसायचं नाही. टाके तुटतील," त्यांनी दम दिला.

"त्यात माझा हात कोण धरणार!" मी खुणेनेच सांगितलं.

घरी बायको माझ्या गालावर बर्फ धरून बसली होती. हळूच म्हणाली, "तुम्हाला खळी पडते हो. इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं."

मला भरून आलं. तरी ओठ घट्ट मिटून ठेवले.

"आणि दादाचा फोन आला होता. विचारत होता, त्याचे दात चुकून तुम्हाला तर नाही ना बसवले?"

टाके पुन्हा घालताना डॉक्टरीणबाईंनी बायकोलाही बाहेरच बसवलं.