गालाला सोसेल इतपत गरम

मेश्राम मॅडम काचेचा गरम चंबू गालाला लावतात. रोज सकाळी साडेदहाला, डोळे मिटून. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, दाढ दुखत असेल. मी पर्समधून गोळी काढून दिली.

"ठेव. संध्याकाळपर्यंत तुलाच लागेल," मॅडम म्हणाल्या.

आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा कर्वेनगरात, एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. नदीचं, विहिरीचं, बोअरचं पाणी येतं आणि त्यात मैल्यातले जंतू आहेत का, ते आम्ही सांगतो. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांना जेवू घालून वाढवावं लागतं. त्या जेवणाला मीडियम म्हणतात आणि ते शिजवणं हे मॅडमचं खातं. घट्ट व्हायला त्यात अगार असतं, म्हणजे आपलं चायना ग्रासच. शिवाय पित्ताचे क्षार घालतात. त्यामुळे बरेचसे इतर जंतू टिकत नाहीत, पण आतड्यात राहून आलेल्यांना पित्ताची सवयच असते. ते मीडियममधली दुधातली साखर खातात आणि चोवीस तासांत लालभडक ठिपके होऊन प्लेटमध्ये बसतात.

प्लेटमधल्या पाण्यावर मीडियम फार गरम ओतलं तर जंतू मरतात आणि गार होऊ दिलं तर ते चंबूतच थिजतं. त्यासाठी थर्मामीटर आहे, पण मॅडमचा भरवसा गालावर. "गालाला सोसलं तर त्यांना सोसेल!" 'त्यांना' म्हणजे जंतूंना. मॅडम मूळच्या नागपूरच्या. साहेबांनासुद्धा त्या "काऊन?" असं सरळ विचारतात. जंतूंबद्दल मात्र कायम आदरानं बोलतात. "आलेत का ते?"

कोरी प्लेट पाहून जग खूश होतं, मॅडमना संशय येतो. "ते आलेच नाहीत, का आलेल्यांना तू मारलंस?" म्हणून दर वेळी एका जादा प्लेटमध्ये आम्ही मुद्दाम पाळलेले जंतू घालतो. तिथे ठिपके उठले तरच बाकीच्या कोऱ्या प्लेटांवर विश्वास ठेवायचा.

गेल्या वर्षी जवळच्याच एका मुलींच्या वसतिगृहातून बोअरचं पाणी तपासायला आलं. तिथल्या सात-आठ मुलींना जुलाब लागले होते. पालकांना दाखवायला मालकांना रिपोर्ट हवा होता, आणि अर्थातच चांगला हवा होता. मॅडम नेमक्या रजेवर होत्या. मी घाईत होते. कुठला गाल आणि कुठलं काय! मीडियम ओतून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी प्लेटा लख्ख कोऱ्या. मी रिपोर्ट टाइप केला आणि आगाऊपणा करून मालकांना फोनवर सांगूनही टाकलं.

मॅडम आल्या. त्यांनी आधी जादा प्लेट उजेडासमोर धरली. तीही कोरीच होती.

"किती गरम ओतलंस?"

मी पाहिलंच नव्हतं. आता बोलणी खाणार, अशी मनाची तयारी केली. पण त्यांनी रजिस्टर ओढलं, 'चाचणी रद्द' लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि मालकांना फोन लावला.

"पाणी चांगलं आहे असं आम्ही सांगितलं, ते चूक होतं. कसं आहे ते आम्हाला माहीत नाही. उकळल्याशिवाय पोरींना थेंब देऊ नका." पलीकडून बरंच काही आलं असावं. "तुमचं नाव खराब होतंय, हे समजलं जी. पोरींची पोटं खराब झालीत, त्याचं बोला."

नवा नमुना त्यांनी स्वतः जाऊन आणला. दुसऱ्या दिवशी प्लेटमध्ये मोजता येणार नाहीत इतके ठिपके होते. ते पाणी मुली माझ्या भरवशावर प्यायल्या असत्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

गटाराची गळती बोअरपर्यंत पोचली होती. दुरुस्तीला आणि सगळं धुऊन काढायला दोन आठवडे गेले. नंतरचा नमुना आणायला मी गेले, तर मेसच्या मावशींनी विचारलं, "आज मॅडम नाही आल्या?"

तेव्हा कळलं. रोज ऑफिस सुटल्यावर मॅडम तिथे जायच्या. पातेलंभर पाणी समोर उकळून घ्यायच्या, मुलींच्या बाटल्या भरायच्या आणि मग त्यांच्याच पंगतीला जेवायला बसायच्या. त्यानंतर बसनं घरी विश्रांतवाडीला, म्हणजे पुण्याचं दुसरं टोक. ऑफिसात एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी जादा प्लेट लालेलाल आणि वसतिगृहाच्या प्लेटा कोऱ्या. या वेळी खऱ्या कोऱ्या.

"सुटलो बाई," मी म्हटलं.

मॅडम प्लेट हातात धरून बसून राहिल्या. "चांगलं झालं. आता तिकडे जायचं कारण नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो ग."

त्यांचे यजमान गेल्याचं मला ठाऊक होतं. संध्याकाळी त्या काय जेवतात, हे मात्र तीन वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

आमचे रिपोर्ट मेलनं जातात. मी त्या रिपोर्टची प्रिंट काढून पाकिटात घातली. "मॅडम, हा वसतिगृहात नेऊन द्यावा लागेल. आणि दर आठवड्याला नवा नमुना आणावा लागेल."

"असा नियम नाही."

"आजपासून आहे."

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाकीट पर्समध्ये टाकलं. त्या दिवशी त्या पाचलाच निघाल्या. जाण्याआधी त्यांना आरशासमोर केस विंचरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.