आरशातला गुडघा

कात्रीकाकांचा उजवा गुडघा दुखत होता आणि उपचार डाव्यावर चालले होते. आज त्याचा सहावा दिवस. यात चूक कुणाची म्हणाल, तर थोडी धंद्याची आणि उरलेली सगळी स्वभावाची.

धंदा केस कापण्याचा. छत्तीस वर्षं काका गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभे राहून त्याच्याशी आरशातूनच बोलत आले होते. "इथले अजून थोडे काढू का?" असं विचारताना त्यांचं बोट डोक्याकडे नाही, आरशाकडे जायचं. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी त्यांना ज्या पलंगावर बसवलं, त्याच्यासमोर नेमका भिंतभर आरसा. फिजिओताई तरुण, हसतमुख, आणि भलत्या उत्साही. शेजारी उभं राहून, हातातल्या कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "काका, कुठला गुडघा?"

काकांनी सवयीने आरशाकडे बोट केलं. "हा."

ताईंनी मान वर करून आरशात पाहिलं. समोर एक माणूस तोंड करून बसलाय, म्हणजे आपल्या उजवीकडे दिसतो तो त्याचा डावा, असा हिशेब केला आणि कागदावर लिहिलं, 'डावा'. पुढच्याच मिनिटाला काकांच्या धडधाकट डाव्या गुडघ्याभोवती शेकायची गरम पिशवी गुंडाळली गेली.

"इथे दाबल्यावर दुखतं?"

दुखत नव्हतं. पण ताईंनी इतक्या आपुलकीने विचारलं होतं, की नाही म्हणणं काकांच्या जिवावर आलं. "थोडंसं," ते म्हणाले आणि फसले.

काका जन्माचे भिडस्त. एकदा वाचनालयात कुणीतरी दुसऱ्याचीच छत्री त्यांच्या हातात दिली, गुलाबी फुलांची. ती त्यांनी मुकाट्याने चार पावसाळे वापरली. बसचा कंडक्टर "उतरा काका, तुमचा स्टॉप" म्हणाला म्हणून ते दोन स्टॉप आधी उतरून चालत घरी आलेले आहेत. असा माणूस, पट्ट्या बांधून झाल्यावर, मशीन सुरू झाल्यावर, "ताई, पाय चुकला" कसं म्हणणार? उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ताई बाकीच्या पेशंटना म्हणाल्या, "बघा, या काकांसारखं शांत पडून राहायचं!" मग तर विषयच संपला.

पण प्रकरण साधं नव्हतं. काकांच्या लेकीने त्यांना मुदत दिली होती. गुडघा दुखतो एवढंच तिला ठाऊक, कुठला ते नाही. लेक शाळेत गणित शिकवायची आणि घरातही तिच्या बोलण्यात खाडाखोड नसायची. "बाबा, तीन आठवडे. शेवटच्या दिवशी मी स्वतः येऊन बघणार. गुडघा बरा झाला असेल तर ठीक, नाहीतर दुकान बंद. दिवसभर उभं राहणं आता पुरे." काकांना दुकान बंद या शब्दांनीच घाम फुटला. ते दुकान त्यांच्या हातांना पाठ होतं. रिकाम्या हातांनी घरी बसून काय करायचं, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

इकडे डावा गुडघा मुळातच निरोगी, त्यामुळे त्याची प्रगती नेत्रदीपक होती. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दहा आकडे दाबायची, पाय सरळ ठेवून वर उचलायचा, घोट्याला रबरी पट्टा लावून ताणायचा; डावा सगळं हसतखेळत करायचा. ताई हरखून जायच्या. एकच गोष्ट त्यांना खटकली.

"काका, एवढा दुखरा पाय आणि सगळा भार त्याच्यावरच टाकून चालता?"

काका दचकले. लंगडणं उजव्या पायाचं, भार डाव्यावर, हे कसं लपणार? त्या दिवसापासून त्यांनी दवाखान्याच्या दारात पाय बदलायला सुरुवात केली. रस्त्यावर उजव्याने लंगडत यायचं, पायपुसण्यावर क्षणभर थांबायचं आणि आत डाव्याने लंगडत शिरायचं. पलंगापर्यंतची ती दहा पावलं उजव्या गुडघ्यावर भार घेऊन चालताना त्यांना ब्रह्मांड आठवायचं, पण चेहरा हसरा.

सहाव्या दिवशी बायको सोबत आली. दाराशी नवऱ्याने पाय बदललेला तिने पाहिला आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"अहो! हे काय?"

"हळू बोल."

"सकाळी तर उजवा दुखत होता."

"अजूनही तोच दुखतोय. तू आधी बाहेर चल, सांगतो."

बाहेरच्या बाकावर काकांनी सगळं सांगितलं. बायको ऐकत गेली, तिचे डोळे मोठे होत गेले आणि शेवटी तिने कपाळावर हात मारला.

"लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हा तरी नीट माझ्याकडेच बघितलं होतंत ना? मी आत्ता जाऊन सांगते तिला."

"अगं, नको! ती पोर रोज माझ्या गुडघ्याचं कौतुक करते. काल मोठ्या डॉक्टरांना बोलावून दाखवला तिने. आता सांगितलं तर तिचं किती हसं होईल!"

"आणि दुकान बंद झालं तर तुमचं काय होईल?"

बायकोने पिशवीतून कागद-पेन्सिल काढली. "तिथे डाव्याला जे जे करायला लावते ना, ते एकूणएक मला सांगायचं. घरी उजव्याला मी करून घेते."

त्या दिवसापासून काकांच्या गुडघ्यांना दोन मास्तरणी झाल्या. एक गोड आणि एक कडक. ताई म्हणायच्या, "छान, काका! दमलात तर थांबा." बायको विणकाम करता करता म्हणायची, "सात झालेत. आठवा मी बघितला नाही, परत." उजवा सुरुवातीला कुरकुरला, पण काकांच्या बायकोपुढे आजवर कुणाचंच काही चाललं नव्हतं. दुकानातही सुट्टी नाही. एकदा दाढी करून घेता घेता एका गिऱ्हाइकाला आरशात काकांच्या मागे काकांचाच पाय हळूहळू वर येताना दिसला.

"अहो, तुमचं काय चाललंय?"

"काही नाही. पाच, सहा... मान हलवू नका, वस्तरा आहे."

काका दहा म्हणेपर्यंत गिऱ्हाइकाने श्वास रोखून धरला.

तीन आठवडे भरले. शेवटच्या दिवशी लेक हजर झाली, सोबत बायको, आणि ताईंनी कौतुकाने गोळा केलेले सहा पेशंट. काका आरशासमोर उभे राहिले.

"आता काका उपचार घेतलेल्या पायावर तीस आकडे उभे राहतील," ताई म्हणाल्या. काकांनी उजवा पाय उचलला. डाव्यावर ते खांबासारखे उभे राहिले. टाळ्या झाल्या. लेकीच्या कपाळावरची आठी गेली. काकांनी सुस्कारा सोडला आणि चप्पल शोधायला लागले.

"थांबा काका! आता चांगल्या पायावर. म्हणजे फरक कळेल."

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने विणकामाच्या सुया बाजूला ठेवल्या आणि फक्त मान हलवली, घरी पहिला आकडा म्हणताना हलवायची तशी. काकांनी डोळे मिटले, मनात दुकानाचं शटर खाली येताना पाहिलं आणि डावा पाय उचलला.

पाच. दहा. उजवा थरथरला, पण धरून राहिला. वीस. कळ येईल म्हणून काका वाट बघत होते, ती आलीच नाही. पंचविसाला त्यांनी डोळे उघडले. तिसाला त्यांना रडू येईल असं वाटलं, इतका आनंद झाला. बायको सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती.

"झालं तर मग," लेक हसत म्हणाली. "बाबा, दुकान चालू ठेवा."

ताई मात्र कागदावर काहीतरी लिहीत होत्या. "एक बघितलंत का? डाव्यापेक्षा उजवा जरा डळमळला. म्हणजे आजारी पाय बरा झाला आणि चांगला मागे पडला. उद्यापासून दहा दिवस उजव्यावर घेऊया."

आणि इथे काकांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. चारचौघांत, ठाम आवाजात त्यांनी सांगितलं, "नको, ताई. माझा उजवा गुडघा एकदम ठणठणीत आहे."

ताई प्रेमाने हसल्या. "काका, भीड नका बाळगू."

"त्यांचं असंच आहे," लेक म्हणाली. "दुखलं तरी कधी तोंडाने सांगणार नाहीत. तुम्ही लिहा हो, दहा दिवस."

काकांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळली होती आणि तिचे खांदे गदगदत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी कात्रीकाका दवाखान्यात आले. यावेळी दोन्ही पायांनी सरळ चालत. ताईंनी उजव्या गुडघ्याला गरम पिशवी गुंडाळली आणि विचारलं, "बरं वाटतंय?" काका "हो" म्हणाले. दुखत नसलेल्या गुडघ्याला शेक घ्यायची त्यांना आता इतकी सवय झाली होती, की दोनच मिनिटांत ते घोरायला लागले.